सुट्टीत समुद्रावर गरवायला (गळाने मासे धरायला): जागा कशी निवडावी

अनोळखी किनारा आणि हातात चार-पाच दिवस. अशा वेळी कुणीतरी सांगितलेल्या एकाच 'हमखास' जागेच्या भरवशावर जाणं महागात पडतं. दुसऱ्या दिवशी वारा फिरतो, पाणी गढुळतं, लाटा खडकावर चढायला लागतात आणि उरलेली सुट्टी त्या जागेकडे नुसतं बघत बसण्यात जाते. म्हणून मुक्काम असा ठरवावा की अर्ध्या तासाच्या अंतरात तीन तऱ्हांचं पाणी मिळेल: एक खाडीचं मुख, एक खडकाळ टोक आणि एक पुळण (वाळूचा किनारा) किंवा धक्का. या तिन्हींची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतील तर फारच उत्तम. पश्चिमेचा वारा सुटला की भूशिराच्या आडचा, पूर्वेला तोंड केलेला कोपरा तरी गरवण्याजोगा राहतो. भूशिरं, आखातं, बेटं असलेला तुटक किनारा सुट्टीसाठी लांबलचक सरळ किनाऱ्यापेक्षा सरस ठरतो तो यामुळेच.

निघण्याआधी, नकाशावर

उपग्रहाचं एकच चित्र बघून जागा ठरवू नये. ते भरतीचं आहे की ओहोटीचं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं पाहता येतात. पाच-सहा तारखा चाळल्या की एखादं पूर्ण ओहोटीचं निघतं आणि वाळूचे दांडे (पाण्याखालचे लांबट उंचवटे), चर (त्यांच्यामधले खोल पट्टे), एरवी बुडालेले खडक उघडे दिसतात. फिकट, पिवळट हिरवं पाणी म्हणजे उथळ वाळू, गडद म्हणजे खोल. काळे डाग खडकाचे किंवा समुद्री गवताचे असतात, पण ढगाची सावलीही तशीच दिसते, म्हणून डाग दोन तारखांना त्याच जागी आहे का ते पाहावं. जो चर दोन-तीन वर्षांच्या चित्रांत एकाच जागी दिसतो तो भरवशाचा. दर चित्रात सरकलेला दिसला, तर तुम्ही पोचाल तेव्हा तो आणखी तिसरीकडेच असेल. खडक राहतात, वाळू वादळी मोसमानंतर जागा बदलते.

त्या भागाचा नाविक नकाशा मिळाला तर तो जरूर पाहावा. त्यावरचे आकडे खोलीचे असतात. ते मीटरमध्ये आहेत की वावांत, हे कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि ते आधी वाचावं, कारण एक वाव म्हणजे जवळजवळ १.८३ मीटर. हे आकडे ओहोटीच्या खालच्या पातळीपासून मोजलेले असतात, त्यामुळे भरतीला तिथे त्याहून जास्त पाणी असतं. आकड्यांच्या मधे तळाची अक्षरं असतात: एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक. खोलीच्या रेषा जिथे किनाऱ्याजवळ दाटीवाटीने येतात तिथे तळ एकदम उतरतो आणि किनाऱ्यावरूनही खोल पाण्यात गळ पडतो.

शोधायचं काय? जिथे काहीतरी पालटतं अशी जागा. उथळाचं खोल होतं, वाळू संपून खडक लागतो, स्थिर पाण्याला ओढ, म्हणजे वाहत्या पाण्याची धार, भिडते, गढूळ पाणी स्वच्छ पाण्याला मिळतं. एकसारखा सपाट तळ कितीही सुंदर दिसला तरी त्यावर माशाला थांबायचं कारण नसतं. अशा आठ-दहा जागांवर खुणा करून ठेवाव्या. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यातल्या तीन-चार उरतात.

तारखा भरतीवरून ठरवा

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सोमवारी पहाटे ६ ला जी वेळ चांगली होती ती शुक्रवारी ९:२० च्या सुमाराला, डोक्यावर ऊन येता येता मिळते. रजा टाकण्याआधीच भरतीचं कोष्टक उघडावं आणि वाहतं पाणी पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या उजेडाशी जुळेल असे दिवस निवडावेत. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो नव्या रॉडने पडत नाही. चंद्रावरून 'मासे खाण्याच्या वेळा' देणारी ॲप्स पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यापेक्षा भरती आणि उजेड यांवरच विसंबतो.

उधाण की भांग? अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाच्या भरत्या सर्वांत मोठ्या, अष्टमीनंतर भांगाच्या सर्वांत लहान. कोणती निवडायची ते किनाऱ्यावर अवलंबून आहे. जिथे भरती-ओहोटीतला फरक ४-५ मीटरचा असतो तिथे उधाणात खाडीची ओढ इतकी असते की गळाला वजन म्हणून लावलेलं १०० ग्रॅमचं शिसंही तळाला टिकत नाही आणि पाणी मातकट होतं. तिथे भांगाचे दिवस घ्यावेत. जिथे फरक मीटरभरच आहे तिथे भांगात पाणी जागचं हलत नाही, म्हणून उधाण घ्यावं. टोकाची उदाहरणं पाहायची तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हा फरक १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तो काही सेंटीमीटरांतच मोजावा लागतो. तिथे पाणी हलवायचं काम वारा आणि लाटा करतात. मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत तर दिवसाला एकच भरती येते.

तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब ज्या किनाऱ्यावर जमवला गेला तिथेच खरा. चंद्र माथ्यावर येण्याची वेळ आणि भरतीची वेळ यांतलं अंतर प्रत्येक बंदराला वेगळं असतं, म्हणून नव्या ठिकाणी त्या ठिकाणचंच कोष्टक हवं. कोष्टकातही दोन खोड्या असतात. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांत ते बदललेल्या वेळेत असतंच असं नाही. आणि ते बंदरापुरतं असतं: खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते, आणि बाहेर ओहोटी संपली तरी आतलं पाणी बराच वेळ बाहेर येतच राहतं.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या हिश्श्यांचा: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी ३० सेंटीमीटर चढतं, तिसऱ्या तासात ९०. ओहोटीला खडकावर चालत गेलेला माणूस पहिला तास निर्धास्त असतो आणि तिसऱ्या तासात अडकतो, तो यामुळे.

खाडीचं मुख

पहिल्यांदाच एखाद्या किनाऱ्यावर जात असाल तर सुरुवात इथून करा. ओहोटी लागली की तिवरांतून आणि चिखलातून कोळंबी, बारीक बोय मासे, खेकडे पाण्याबरोबर बाहेर येतात आणि मोठा मासा अरुंद जागी तोंड करून वाट बघत असतो. मधल्या जोराच्या धारेत गळ टाकण्याचा मोह होतो, पण मासा तिथे राबत नाही. तो धारेच्या कडेला, संथ पाण्यात थांबून धारेतलं खाणं उचलतो. ही कड पाण्यावर फेसाची किंवा काटक्यांची रेघ धरते. त्या रेघेच्या वरच्या अंगाला गळ टाकून आमिष रेघेवरून वाहत येऊ द्यावं. दांड्याचं शेपूट, पुढे आलेल्या खडकाची मागची बाजू, पुलाच्या खांबामागचा भोवरा, या सगळ्या त्याच तऱ्हेच्या जागा आहेत.

खाडीच्या वळणावर बाहेरचा काठ खोल, पाण्याने आतून पोखरलेला असतो आणि आतल्या काठाला वाळू साठते. ओहोटीत बाहेरच्या काठाला गरवावं. भरतीत उलट: मासा चढत्या पाण्याबरोबर उथळावर येतो, आणि तिवरांच्या कडेला मीटरभर पाणी झालं तरी पुरतं. छोट्या ओहोळांची मुखं ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत बघावीत, कारण तेव्हा आतलं सगळं एकाच फटीतून निघतं.

मोठा पाऊस पडून गेला असेल तर गोडं गढूळ पाणी वर तरंगतं आणि खारं, जड पाणी खाली राहतं. मासा खाली उतरतो किंवा बाहेर निघून जातो. अशा वेळी खाडीत आत वेळ घालवू नये. मुखाबाहेर मातकट आणि हिरवं पाणी जिथे मिळतं ती रेघ शोधावी आणि गळ हिरव्या बाजूला टाकावा.

शिसं ३० ग्रॅमपासून सुरू करून वाढवत जावं. ते तळाला टेकून अधूनमधून थोडं सरकलं तर बरोबर. घसरतच राहिलं तर आमिष कुठेतरी अडकणार. गोल शिसं घरंगळतं. वाळूवर चपटं किंवा चौकोनी टोकदार टिकतं. कालवांच्या धारेने तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कापला जातो, म्हणून गरीच्या (माशाच्या तोंडात अडकणाऱ्या आकड्याच्या) आधी ५०-६० सेंटीमीटर जाड तंगूस, ०.५० ते ०.६० मिलीमीटरचा, लावावा. आणि मऊ चिखलात पाऊल घालू नये. गुडघाभर रुतलेला पाय निघत नाही आणि भरती थांबत नाही.

पुळण

आल्या आल्या पाण्याकडे धावू नका. टेकाडावर किंवा जिथून सगळी पुळण दिसेल तिथे दहा मिनिटं उभं राहा, पाण्यावरची चकाकी कापणारा (पोलराइज्ड) काळा चष्मा लावून. लाट जिथे पांढरी होऊन फुटते तिथे दांडा आहे. फुटून पुन्हा शांत होते तिथे चर आहे. दांड्याच्या रांगेत जिथे पांढरं तुटतं तिथून मासा आत-बाहेर करतो. किनाऱ्यालगतचा चर कितीदा तरी पाण्याच्या कडेपासून १५-३० मीटरवरच असतो, आणि नवखा माणूस सगळा जोर लावून गळ त्याच्या पलीकडे, दांड्यावर नेऊन टाकतो. म्हणून पहिला फेक जवळचा, मग मधला, शेवटी लांबचा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं.

जाड वाळूची, उताराची पुळण म्हणजे जवळच खोल पाणी. बारीक वाळूची सपाट पुळण लांबवर उथळ राहते. तिथे ११ ते १३ फुटी रॉड, ८०-१२० ग्रॅम शिसं आणि चढती भरती पाहिजे. नाहीतर ती जागा सोडलेली बरी. कडेला ताजं शेवाळ साठलेलं दिसलं तर पाण्यातही तेच असणार. दर फेकीला तंगुसावर पेंढी चढते. अशा वेळी शिसं बदलून काही होत नाही, दुसऱ्या दिशेला तोंड असलेली पुळण गाठावी.

दोन पांढऱ्या पट्ट्यांमधला गडद, सपाट वाटणारा, फेस समुद्राकडे वाहून नेणारा पट्टा म्हणजे रिप करंट. खाणं त्यातून बाहेर जातं, त्यामुळे त्याची कड गरवायला चांगली. पण कोरड्या वाळूवर उभं राहूनच. पोहायला आलेल्या मंडळींना तोच पट्टा 'शांत पाणी' वाटतो, त्यांना तिथे उतरू देऊ नका. ओढीत सापडलंच तर तिच्याविरुद्ध न पोहता किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघायचं असतं.

खडक

खडकाच्या पायथ्याशी फेसाळ पाण्यात माशाला आडोसा आणि खाणं दोन्ही मिळतं, म्हणून जागा उत्तम. पण चूक दुरुस्त करायला इथे सवड नसते. हवामानात लाटांची जी उंची सांगतात ती सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट येते. दीड मीटर वाचलं की तीन मीटरची तयारी मनात धरायची. उंचीइतकाच लाटांमधला काळही पाहावा. सारख्या उंचीची पण १२-१५ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट ६ सेकंदवालीपेक्षा खडकावर कितीतरी वर चढते, आणि दोन मोठ्या लाटांच्या मधे समुद्र गरीब दिसतो.

उतरण्याआधी वरून वीस-तीस मिनिटं बघावं. ओल्या खुणेच्या वर, कोरड्या जागेवरच उभं राहावं. काळा, चकचकीत खडक म्हणजे शेवाळ. त्यावर पाय ठेवू नये. पाठ समुद्राकडे करू नये, एकट्याने जाऊ नये, लाइफ जॅकेट घालावं. मासा लागला तर तो कुठून वर घ्यायचा हे पहिल्या फेकीआधी ठरवावं. लांब दांड्याची जाळी सोबत नसेल तर माणूस मासा उचलायला खालच्या पायरीवर उतरतो, आणि लाट नेमकी तिथेच गाठते. परतीची वाट भरतीत बुडते का, हे ओहोटीलाच पाहून घ्यावं.

सामान: ९ ते ११ फुटी रॉड, शिसं कमी खर्चाचं आणि कमी ताकदीच्या वेगळ्या दोऱ्याने बांधलेलं. अडकलं की शिसं तुटतं, गरी आणि मासा वाचतो.

धक्का आणि बंधारा

मुलं बरोबर असतील तर सरळ धक्का निवडा, पण कठडा असलेला. इथे लांब फेकायची गरज नाही. मासा खांबांलगत असतो, ७-८ फुटी रॉडने गळ सरळ खाली सोडावा. दिवसा सावलीची बाजू, रात्री दिव्याच्या उजेडाची कड. पाणी चार-पाच मीटर खाली असेल तर दोरीला बांधून सोडायची गोल जाळी न्यावी, कारण किलो-दीड किलोचा मासा तंगुसावर उचलताना सुटतो. बंधाऱ्याच्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर मात्र चढू नये. त्यांच्या फटीत पडलेल्याला बाहेर काढणं फार कठीण.

पहिला दिवस गळ न टाकता

पोचल्यावर पहिली ओहोटी पाहणीची. नकाशावरच्या खुणा घेऊन पायी फिरावं, चर, खडक, मोडकी जाळी, कालवांचे थर डोळ्यांनी बघावेत आणि फोटो काढावेत. भरतीत हे सगळं बुडतं, म्हणून जमिनीवरच्या खुणा जुळवून ठेवाव्या: झाड आणि त्यामागचा खांब एका रेघेत आले की समोर चर, असं. बगळे टपून उभे असतील, कुररी पाण्यात सूर मारत असतील, किंवा बारीक मासळी एकदम उसळत असेल तर ती जागा आणि वेळ लिहून ठेवावी.

तिथल्या कोळ्यांना किंवा गरवणाऱ्यांना 'मासे कुठे मिळतात' असं विचारलं तर उत्तर मोघमच येतं, आणि ते साहजिक आहे. भरतीला जमतं की सुकतीला, सध्या आमिष कोणतं चालतं, गळ कुठे अडकतो आणि कुठे उभं राहू नये, हे विचारावं. आमिषही त्यांच्याकडून घ्यावं, ताजं. पाण्यात लावलेल्या जाळ्याच्या तरंगत्या खुणांवरून गळ फेकू नये. परवाना लागतो का, बंदी हंगाम आहे का, किती लांबीच्या खालचा मासा सोडायचा, राखीव सागरी क्षेत्राची हद्द कुठे, हे त्या भागाच्या मत्स्य खात्याकडून आधी समजून घ्यावं. पुलांवर आणि बंदरात बहुधा वेगळी मनाई असते.

जागा कधी सोडायची

वाहत्या पाण्यात, ताज्या आमिषावर पाऊण तास काहीच झालं नाही तर ५०-६० मीटर सरकावं. आमिष जसंच्या तसं परत आलं तर तिथे मासा नाही किंवा पाणी थांबलंय. कुरतडून आलं तर बारीक मासळी आहे, गरी लहान करावी. सुरीने कापल्यासारखं आलं तर खेकडे. आमिष तळापासून हातभर वर धरणारा छोटा तरंगता मणी गरीजवळ ओवावा. पाणीच थांबलं असेल तर जागा न बदलता जेवून घ्यावं. तासाभरात ते उलटं वाहू लागतं, आणि मग खडकाच्या किंवा दांड्याच्या ज्या बाजूला उभे होतात तिची समोरची बाजू चांगली ठरते.

मिळालेल्या माशाची ओळख पटत नसेल तर तो खाऊ नये. फुगणाऱ्या माशांचं विष शिजवून जात नाही. उष्ण प्रदेशांतल्या प्रवाळांवरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं. त्याला वास नाही, चव नाही, आणि तेही शिजवून किंवा गोठवून जात नाही. उथळ वाळूत चालताना पाय घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकते. शिंगाळा माशाचा किंवा पाकटीचा काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात अर्धा ते दीड तास धरावी, वेदना उतरते. काटा आत मोडून राहिला असेल किंवा छाती-पोटाला लागला असेल तर तो उपटत न बसता थेट दवाखाना गाठावा. म्हणून निवडलेल्या प्रत्येक जागेपासून जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे आणि तिथे फोनला रेंज आहे का, हेही त्याच पहिल्या ओहोटीला पाहून ठेवावं.